हेलिकॉप्टरचा खर्च कोणाच्या नावावर?
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर सकाळपासून बोलणे झाले आहे, संध्याकाळीही होईल. मधल्या वेळात मला एक वेगळा विषय मांडायचा आहे. विषय अमेरिकेतला आहे. तिथे गांजाची झाडे शोधायला आणि अमली पदार्थांचा व्यापार मोडायला पोलिसांच्या मदतीला राखीव फौज दिली जाते. ती कशी देतात, तिचा पैसा कुठून येतो आणि त्या पैशाच्या मागे मागे काय काय येते, हे मी सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला त्याचे काय? कोरडवाहू माणसाला अमेरिकेच्या फौजेशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. कारण ही फौज शेवटी उतरते ती शेतात. शहरातल्या बारा मजली इमारतीवर हेलिकॉप्टर घिरट्या घालत नाही. ते घिरट्या घालते ओढ्याकाठच्या रानावर, डोंगरउतारावरच्या तुकड्यावर, शेळ्या चरतात त्या माळावर. आणि आपल्याकडेही अमली पदार्थांचा कायदा आहे, तोही बांधापर्यंत येतो. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी तिकडची हकीकत ऐका.

दोन धन्यांचा शिपाई

अमेरिकेत 'नॅशनल गार्ड' नावाचे दल आहे. नाव ऐकून आपल्या होमगार्डची आठवण होईल, पण हे दल तसे नाही. आपल्या प्रादेशिक सेनेशी त्याचे जास्त साम्य आहे. गार्डमधला माणूस एरवी आपापला धंदा करतो. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी शेतकरी. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे कवायत करतो. पण त्याच्याकडे रणगाडे आहेत, विमाने आहेत, हेलिकॉप्टर आहेत.

या दलाची गंमत अशी की त्याला धनी दोन आहेत. एक राज्याचा गव्हर्नर. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्यासारखा राजभवनातला राज्यपाल नव्हे, लोकांनी निवडून दिलेला राज्याचा कारभारी; आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. दुसरा धनी म्हणजे देशाचा अध्यक्ष.

या दोन धन्यांचे काय होते ते १९५७ साली साऱ्या जगाने पाहिले. आर्कान्सा राज्यात लिटल रॉक नावाच्या गावी नऊ काळ्या मुलामुलींना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश द्यावा असा न्यायालयाचा हुकूम होता. गव्हर्नरने त्यांना अडवायला शाळेच्या दारात नॅशनल गार्ड उभे केले. तेव्हा अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच गार्ड आपल्या हुकमाखाली घेतले आणि आपली खडी फौजही पाठवली. परवा मुलांना अडवणारे शिपाई आता त्याच मुलांच्या संरक्षणाला. माणसे तीच, बंदुका त्याच. हुकूम देणारा बदलला.

आपल्या विषयाला लागते ती तिसरीच रीत. या रीतीत हुकूम गव्हर्नरचा चालतो आणि पगार मात्र केंद्र सरकार देते. तिकडच्या कायद्याच्या बत्तिसाव्या खंडात ही रीत लिहिलेली आहे. हुकूम एकाचा, पैसा दुसऱ्याचा. ही गाठ लक्षात ठेवा, पुढचे सगळे तिच्यातून निघते.

फौजेला घातलेले कुंपण

अमेरिकेत १८७८ साली एक कायदा झाला. 'पॉसी कमिटॅटस' असे त्याचे अवघड नाव. अर्थ सोपा आहे. देशाच्या लष्कराने पोलिसांचे काम करायचे नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडच्या राज्यांत लष्कर बसले होते, त्याविरुद्धच्या ओरडीतून हा कायदा आला. त्यामागचे हेतू सगळेच काही थोर नव्हते. काळ्या माणसाला तिथे जे थोडेफार संरक्षण होते, तेही त्या वेळी निघून गेले. पण कायदा टिकला, आणि शंभर वर्षे लोकांनी तो आपल्या स्वातंत्र्याचे कुंपण मानला.

या कुंपणाला एक झापा राहिला होता. कायदा लागतो तो केंद्राच्या हुकमाखालील लष्कराला. गार्ड गव्हर्नरच्या हुकमाखाली असेल तर त्याला तो लागत नाही, मग पगार केंद्राचा असला तरी.

हा झापा वापरायला सुरुवात झाली हवाई बेटांवर. १९७० नंतरच्या दशकात तिथे गांजाची झाडे उपटायला निघालेल्या पोलिसांना गार्डच्या हेलिकॉप्टरने ने-आण केली. मग एकेक खिळा निघत गेला. १९८१ साली कायदा करून लष्कराने पोलिसांना साहित्य, माहिती आणि शिक्षण द्यायला मोकळीक दिली. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी अमली पदार्थांचा व्यापार हा देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे असे जाहीर केले. १९८८ साली काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, आकाशातून आणि समुद्रातून येणाऱ्या मालावर पाळत ठेवण्याचे मुख्य काम संरक्षण खात्याकडे दिले आणि राज्यांच्या गार्डना या कामासाठी पैसा द्यायची सोय केली. १९८९ साली टेक्सासमध्ये एल पासोजवळ लष्कराचे खास पथक बसले. त्याचे काम, खडी आणि राखीव अशा दोन्ही फौजांची मदत पोलिसांपर्यंत पोचवणे.

बघा, १८७८ चा कायदा कोणी रद्द केला नाही. तो आजही पुस्तकात आहे. कुंपण आहे तिथेच आहे, फक्त त्यातून गाडी जाईल एवढी वाट पडली.

पैशाची वाट

आता पैसा कसा येतो ते पाहू. जिल्हा नियोजनाची फाइल हिंडताना तुम्ही पाहिली असेल, तर हे पटकन समजेल.

गव्हर्नर दरवर्षी एक आराखडा करतो. गार्डची किती माणसे, किती दिवस, कोणत्या कामाला. हे काम राज्याच्या कायद्यात बसते असे राज्याचा कायदा अधिकारी लिहून देतो. मग आराखडा संरक्षणमंत्र्याकडे जातो. तो अमली पदार्थ नियंत्रणाच्या केंद्रीय कार्यालयाशी बोलून मंजुरी देतो. मंजुरीनंतर माणसांचा पगार, भत्ता, पेट्रोल, हेलिकॉप्टरची दुरुस्ती हा सगळा खर्च केंद्राच्या संरक्षण अंदाजपत्रकातून येतो. ५० राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि ३ बेटे-प्रदेश मिळून ५४ ठिकाणी अशी व्यवस्था आहे. एका वेळी साधारण ४००० माणसांपर्यंतची मर्यादा कायद्यातच आहे.

गार्डची ही माणसे सहसा स्वतः अटक करत नाहीत, झडती घेत नाहीत. विमानातून पाहणी करायची, नकाशे काढायचे, टेलिफोनच्या आणि बँकेच्या कागदांची छाननी करायची, भाषांतर करायचे, पोलिसांना शिकवायचे. पकडायचे काम पोलिसांचे, दाखवायचे काम गार्डचे.

आपल्याकडे राज्याने केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या तुकड्या मागवल्या, तर सर्वसाधारण नियमाप्रमाणे त्याचा आकार केंद्र राज्याच्या नावावर मांडते. कित्येक राज्यांची ती थकबाकी वर्षानुवर्षे चालते आणि त्यावरून भांडणे होतात. पण या भांडणाचा एक फायदा आहे. बिल येणार हे ठाऊक असले की मागणारा जरा विचार करून मागतो. तिकडच्या व्यवस्थेत गावच्या पोलिसप्रमुखाला बिलच येत नाही. हेलिकॉप्टर फुकट, पाहणी फुकट, कागद तपासणारी माणसे फुकट. फुकट मिळणारी वस्तू नको म्हणणारा अधिकारी तुम्ही कुठे पाहिला आहे काय?

वरच्या टोकाला तर आणखी मौज आहे. २०१० नंतरच्या बऱ्याच वर्षांत संरक्षण खाते स्वतः या कामासाठी कमी पैसा मागायचे. त्यांना लढाईचे सामान हवे. पण काँग्रेसमधले सभासद त्यावर आपल्या हाताने मोठी भर घालायचे, कारण प्रत्येक राज्यात गार्ड आहे, प्रत्येक मतदारसंघात पोलिस आहेत आणि गुन्हेगारीविरुद्ध पैसा आणला हे सभेत सांगायला बरे वाटते. मग अंदाजपत्रक रखडले की पैसा वर्षाच्या मध्यावर येणार, हंगामी हुकमावर लावलेली माणसे घरी जाणार, पैसा आला की नवी माणसे घेऊन पुन्हा श्रीगणेशा. २०१९ च्या जानेवारीत तिकडच्या सरकारी हिशेब तपासनिसांनी अहवाल दिला. कायदा म्हणतो, आधी आराखड्याला मंजुरी आणि मग पैसा. पण प्रत्यक्षात कित्येक वर्षे मंजुरीआधीच राज्यांना पैसा दिला जात होता, असे त्यात निघाले. आपल्या मार्चअखेरीची आठवण होते की नाही?

'अमली पदार्थ' हा शब्द म्हणजे किल्ली

या फुकट मदतीला एकच अट. कामाचा अमली पदार्थांशी संबंध पाहिजे. संबंध असेल तर खर्च संरक्षण खात्याचा. नसेल तर मदत मागणाऱ्याने पैसे भरायचे. अशी अट घातली की काय होईल? प्रत्येक कामाला कुठून तरी अमली पदार्थांचा वास येऊ लागेल.

१९९३ साली टेक्सासमध्ये वेकोजवळ एका धार्मिक पंथाची वस्ती होती. बेकायदा शस्त्रांच्या संशयावरून एका केंद्रीय खात्याला तिथे धाड घालायची होती. वस्तीत अमली पदार्थ बनवण्याची भट्टी आहे असा संबंध दाखवून लष्कराचे प्रशिक्षण आणि टेक्सासच्या नॅशनल गार्डची हेलिकॉप्टर मिळवण्यात आली. २८ फेब्रुवारीला धाड पडली. चार सरकारी अधिकारी आणि आतली काही माणसे मेली. ५१ दिवस वेढा पडला. १९ एप्रिलला वस्तीला आग लागली आणि मुलाबाळांसह सत्तरहून जास्त माणसे मेली. पंथाचा म्होरक्या काही साधू माणूस नव्हता आणि आतूनही गोळीबार झाला होता, हे खरे आहे. पण पुढे १९९६ साली काँग्रेसच्या समित्यांनी चौकशी केली, तेव्हा अमली पदार्थांचा तो संबंध खरा नव्हता, लष्करी मदत मिळवण्यासाठी दिशाभूल केली गेली, असा निष्कर्ष निघाला. पैसा ज्या शब्दाला मिळतो तो शब्द अर्जात लिहिला जातो, हे दाखला काढायला तहसिलीत गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

मोजणी कशाची?

पैसा घेतला की काम दाखवावे लागते. काम मोजायचे कसे? उपटलेल्या झाडांच्या आकड्यावर.

१९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, जपानने फिलिपीन्स घेतल्यामुळे अमेरिकेच्या आरमाराला दोरखंडाचा वाख मिळेना. तेव्हा सरकारनेच शेतकऱ्यांना भांगेच्या जातीचे धाग्याचे पीक लावायला सांगितले. आपल्या अंबाडीसारखा त्याचा वाख निघतो. सरकारने त्यासाठी प्रचाराचा चित्रपट काढला, बी दिले, 'पिकवा आणि युद्ध जिंका' असे सांगितले. युद्ध संपले, सरकारची गरज संपली. पीक गेले, पण बी रानात राहिले. इंडियाना, नेब्रास्का, कॅन्सस अशा राज्यांत नाल्याकाठी, रेल्वेच्या कडेला ते आपोआप उगवते. तिकडे त्याला नालीतले तण म्हणतात. त्याला नशा जवळजवळ नाही. ओढणाऱ्याचे डोके दुखेल, एवढेच.

केंद्राच्या खर्चाने झाडे उपटण्याची मोहीम चालू झाल्यावर हे तणही मोजणीत आले. वर्षानुवर्षे उपटलेल्या झाडांच्या सरकारी आकड्यात नव्वद टक्क्यांहून जास्त झाडे या तणाची होती. ज्याने गाजरगवत उपटले आहे त्याला कळेल, तणाला तोटा नाही. दरवर्षी उपटा, दरवर्षी उगवते, दरवर्षी कोटीकोटीचा आकडा अहवालात जातो. २०१८ साली त्याच अमेरिकेच्या शेती कायद्याने धाग्याचे हे पीक पुन्हा कायदेशीर केले. १९४२ साली पिकवा म्हणणारे सरकारच, मधली पन्नास वर्षे उपटा म्हणणारे सरकारच आणि २०१८ साली पुन्हा पिकवा म्हणणारेही सरकारच.

घराला दार आहे, शेताला नाही

आता जमिनीकडे येतो. अमेरिकेच्या राज्यघटनेने नागरिकाला विनाकारण झडतीपासून संरक्षण दिले आहे. पोलिसांना घरात शिरायचे तर न्यायाधीशाचे वॉरंट लागते. पण शेताचे काय?

केंटकी राज्यातल्या एका शेतकऱ्याने फाटकाला कुलूप लावले होते, 'आत येऊ नये' अशी पाटी लावली होती. पोलिस फाटकाला वळसा घालून आत गेले. घरापासून मैलभर लांब त्यांना गांजाचे रान सापडले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उघडे शेत हे घटनेच्या संरक्षणात येत नाही. वॉरंट लागत नाही. कुलूप असो, पाटी असो. १९८६ साली न्यायालय म्हणाले, हजार फुटांवरून विमानातून परसात पाहिले तर ती झडती नव्हे. १९८९ साली म्हणाले, चारशे फुटांवरून हेलिकॉप्टरने पाहिले तरी चालेल.

हा शेतकरी कायदा मोडत होता, हे मी लपवत नाही. पण निकाल त्याच्या एकट्यापुरता राहिला नाही. तो देशातल्या सगळ्या शेतांना लागला. शहरातल्या माणसाची दौलत तिजोरीत असते, तिजोरी घरात असते, घराला कायद्याचे दार असते. शेतकऱ्याची दौलत उघड्यावर पसरलेली. तिला कुंपण बाभळीच्या काट्यांचे, कायद्याचे नव्हे.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला हम्बोल्ट नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तिथे १९८३ पासून दर उन्हाळ्यात हेलिकॉप्टर घेऊन झाडे उपटण्याची मोहीम चालली. जी माणसे गांजा लावत नव्हती त्यांच्याही घरावर हेलिकॉप्टर, त्यांचीही गुरे बिथरलेली, मुले घाबरलेली. लोक न्यायालयात गेले. १९८५ साली न्यायालयाने हेलिकॉप्टरला घरांपासून आणि माणसांपासून पाचशे फूट लांब राहायला सांगितले. हे लोकांनी मिळवलेले यश आहे, ते विसरू नका. १९९० साली तर त्याच डोंगरात गार्डच्या जोडीला खड्या फौजेचे शिपाई उतरवले गेले. आणि शेवट? २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी गांजा कायदेशीर केला. मग परवान्याची फी, कर आणि मोठ्या कंपन्यांची आवक. २०२१ नंतर ठोक भाव कोसळले. हेलिकॉप्टरला जे बधले नाहीत ते छोटे उत्पादक भावाने झोपले. यावर मी वेगळे भाष्य करायची गरज नाही.

शेळ्यांमागचा पोरगा

टेक्सासच्या सीमेवर रिओ ग्रांदे नदीकाठी रेडफर्ड नावाचे खेडे आहे. २० मे १९९७ ला संध्याकाळी अठरा वर्षांचा एक पोरगा शाळेतून येऊन घरच्या शेळ्या घेऊन नदीकडे गेला. हातात जुनी छोटी बंदूक, कोल्ह्याकुत्र्यांपासून शेळ्या राखायला. झुडपात मरीन फौजेचे चार जवान अंगाला पाला बांधून लपले होते. अमली पदार्थांची वाट राखायला लष्कराच्या त्या खास पथकाने त्यांना पोलिसांच्या मदतीला दिले होते. जवान तिथे आहेत याची गावात कोणाला कल्पना नव्हती. जवानांचे म्हणणे, पोराने आमच्या दिशेने गोळ्या झाडल्या आणि पुन्हा बंदूक उचलली. एका जवानाने गोळी घातली. पोरगा मेला. त्याच्यावर अमली पदार्थांचा कोणताही आरोप नव्हता.

ज्युरीने जवानावर खटला भरला नाही. सरकारने पुढे घरच्यांना सुमारे १९ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि सीमेवर जमिनीवरून हत्यारी गस्त घालायचे काम लष्कराकडून काढून घेतले.

त्या जवानाला मी खलनायक म्हणत नाही. त्याला लढाईचे शिक्षण दिले होते. समोर बंदूक दिसली की शत्रू, हे त्याच्या अंगात मुरवले होते. पोलिसाला आधी 'कोण आहे' असे विचारायला शिकवतात. लढाईच्या शिपायाला वेगळे शिकवतात. शेळ्यांमागे जाणारा पोरगा आणि माल घेऊन येणारा चोर यांतला फरक दुर्बिणीतून कळत नाही. तो गावात राहणाऱ्या कोतवालाला कळतो. नॅशनल गार्डची बाजू मांडणारेही हेच सांगतात की आमची माणसे त्याच राज्यातली, त्याच गावची असतात. त्यात तथ्य आहे. पण तथ्य टिकते ते माणूस गावाशी बोलत असेल तोवर. हजार फुटांवरून बोलणे होत नाही.

जप्तीची वाटणी

आणखी एक पैशाची वाट सांगतो. १९८४ च्या कायद्याने अमली पदार्थांशी संबंध असलेली मालमत्ता केंद्राने जप्त केली, तर त्या रकमेतला ऐंशी टक्क्यांपर्यंतचा वाटा धाडीत भाग घेणाऱ्या स्थानिक पोलिस खात्याला मिळू लागला.

१९९२ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात मॅलिबूजवळ दोनशे एकरांच्या एका मळ्यावर अनेक खात्यांनी मिळून धाड घातली. विमानातून गांजाची झाडे दिसली असे कारण. एकसष्ट वर्षांचा मालक गलका ऐकून पिस्तूल घेऊन बाहेर आला आणि आपल्याच घरात गोळी लागून मेला. मळ्यात गांजाचे एक झाड सापडले नाही. त्या जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने चौकशी करून लिहिले की या धाडीमागे अंशतः तरी मळा जप्त करण्याची इच्छा होती. राज्याच्या वरिष्ठ कायदा अधिकाऱ्याला हे मान्य झाले नाही, त्यांनी पोलिसांची बाजू घेतली. पण २००० साली वारसांना ५० लाख डॉलर देऊन दावा मिटवला गेला. कोण बरोबर ते तुम्ही ठरवा. मी इतकेच म्हणतो, पंचनामा करणाऱ्याला जप्तीत वाटा असला की त्या पंचनाम्यावर कोणाचा विश्वास बसणार?

दुसरी बाजू

आता कोणी म्हणेल, हा माणूस गांजावाल्यांची वकिली करतो. तसे नाही. व्यसनाने घर कसे बसते ते दारूच्या रूपाने आपल्या गावागावातल्या बायका बघत आहेत. अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी अमली पदार्थांच्या जादा मात्रेने प्रत्येकी एक लाखाहून जास्त माणसे मेली. ही थट्टा नाही. त्यातली बहुतेक माणसे मेली ती फेंटानिल नावाच्या औषधाने. २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने सॅन फ्रान्सिस्को शहरात हे विकणाऱ्या टोळ्यांचे धागेदोरे शोधायला गार्डची कागद तपासणारी माणसे दिली. असे काम उपयोगाचे असू शकते.

पण लक्षात घ्या, फेंटानिल शेतात उगवत नाही. ते रसायनांपासून कारखान्यात बनते, मुठीत मावते. त्यावर हेलिकॉप्टर चालत नाही. हेलिकॉप्टर चालते ते ज्याला मुळे आहेत आणि जे पळून जाऊ शकत नाही त्यावर. म्हणजे झाडावर, आणि झाड ज्याच्या जमिनीत आहे त्याच्यावर. व्यापारी फरार होतो, सातबारा फरार होत नाही.

आपल्या बांधावर

आता घरी येऊ. आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. गांजाचे झाड लावणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला, आणि इतर जिल्ह्यांतही, कपाशीत, तुरीत लपवलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या येतात. काही ठिकाणी लावणारा एक, जमीन दुसऱ्याची आणि माल नेणारा तिसराच असतो. पकडला जातो तो बहुधा पहिल्या दोघांपैकी.

म्हणून दोन कलमे घरी जाऊन मुलांना वाचायला लावा. कलम ४६ सांगते की आपल्या जमिनीत गांजा किंवा अफूची बेकायदा झाडे असल्याचे कळले, तर पोलिसांना ताबडतोब कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून न कळवणे हा गुन्हा आहे. कलम ४७ हेच कर्तव्य सरपंचावर, पंचांवर आणि गावकामगारांवर टाकते. जमीन ठोक्याने किंवा बटाईने दिली असेल, नोकरीनिमित्त बाहेरगावी असाल, तर हंगामात एक चक्कर टाका. काही दिसले तर तोंडी सांगू नका. लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. तुमच्या हातात पुरावा म्हणून राहणारी वस्तू म्हणजे ती पोच. आणि जो कोणी येऊन सांगेल की चार झाडे लाव, कापसापेक्षा जास्त देतो, त्याला विचारा, खटल्याचा खर्चही देतोस काय?

दुसरी गोष्ट. मदत जमिनीवरून येवो की आकाशातून, राज्याची असो की केंद्राची, आपण चार प्रश्न विचारायचे. हुकूम कोणाचा? पैसा कोणत्या खात्यातून? काम झाले हे मोजणार कशावरून, उपटलेल्या झाडांवरून की पकडलेल्या व्यापाऱ्यांवरून? आणि चुकून कोणाचे पीक तुडवले, गुरू मेले, माणूस मेला, तर भरपाई कोण देणार आणि किती दिवसांत? ही चार उत्तरे लेखी मिळत असतील तर अशा मोहिमेला आपला विरोध असण्याचे कारण नाही. आपण सहकार्य करू.

हे प्रश्न कारवाई झाल्यावर विचारून उपयोग नाही. रेडफर्डच्या त्या गावाने ते नंतर विचारले. भरपाई मिळाली, गस्त थांबली, पोरगा परत आला नाही. प्रत्येक तालुक्याने येत्या ग्रामसभेत या दोन कलमांचे वाचन ठेवावे आणि हे चार प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदनाने द्यावेत, एवढी सूचना मांडतो आणि माझे बोलणे संपवतो.